सव्वापाचातून पावणेतीन

पूर्णांकयुक्त अपूर्णांकांची वजाबाकी, असं पूर्ण नाव सांगितलं की समोरचा जरा बिचकतो. नाव भारदस्त असलं तरी बाई अगदी घरगुती आहे. शाळेत तिची ओळख होते, पण खरा वावर कापडाच्या दुकानात नि शिंप्याच्या टेबलावर.

मर्जी असली की ती झटपट मोकळी होते. साडेपाचातून सव्वादोन? पाचातून दोन, अर्ध्यातून पाव, उरले सव्वातीन. पण ५ १/४ मधून २ ३/४ काढायला सांगा, लगेच अडून बसते. पावातून पाऊण जाणार कसा? घाईची मुलं इथे उलटं करतात, पाऊणातून पाव काढतात आणि साडेतीन लिहितात. दुकानदाराने असं केलं तर पुढच्या गिऱ्हाइकाला ताग्यात नसलेलं मीटरभर कापड विकलं जाईल.

तिची समजूत घालायची एकच रीत: पाचातला एक फोडायचा. त्याचे चार चतुर्थांश आधीच्या एकाला मिळाले की होतात ४ ५/४. या अवतारात चारचौघांत यायला ती लाजते, पण तिचं सगळं काम होतं ते याच रूपात. घरातलं काही बाहेर गेलेलं नसतं, किंमत सव्वापाचच असते. आता पाचातून तीन चतुर्थांश जातात, चारातून दोन जातात, उरतात २ २/४. तेवढ्यावर ती उंबरठा ओलांडत नाही; २ १/२ असं नीटनेटकं होऊनच निघते.

शिस्तीला मात्र कडक. एकाचे तुकडे किती, हे छेदच ठरवणार. साध्या वजाबाकीतली दहाची सवय इथे चालत नाही. सहातून २ ३/८ काढायचे तर सहाचे ५ ८/८ करायचे. उत्तर ३ ५/८. छेद वेगळे असले तर आधी समच्छेद, मग बोलणं.

सगळ्याचे अंशाधिक अपूर्णांक करणारी मंडळी तिला टाळू पाहतात. लहान संख्यांत ते खपतं. १४८ १/३ मधून ९५ २/३ काढताना मात्र ४४५ आणि २८७ अंगावर येतात. ती नुसते १४७ ४/३ करते आणि ५२ २/३ हातावर ठेवते.

पावकी-निमकी तोंडपाठ असलेल्या माणसाला तर ती कागदावर उतरायचे कष्टही देत नाही. पावणेतीनावर पाव म्हणजे तीन, तिथून पाचापर्यंत दोन, वरचा पाव. अडीच मीटर, द्या बांधून!