रान : झाडीचें आणि मोकळें

आपल्या भाषेंत ‘रान’ हा शब्द मोठा उदार आहे. गर्द झाडींत गुरें चुकलीं तरी तीं रानांत गेलीं. आणि जेथें सावलीस एक झाड नाहीं अशा काळ्या शेतांत माणूस औत घेऊन गेला, तरी तोही रानांतच गेला. संस्कृतांत अरण्य निराळें व क्षेत्र निराळें. मराठींत मात्र अरण्यापासून निघालेल्या या शब्दानें क्षेत्रासही पोटांत घेतलें. तें कां, हें बुलढाणा जिल्ह्यांत फिरणाऱ्यास सहज उमगतें. अजिंठ्याच्या डोंगररांगेनें या जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग केले आहेत. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्याची सपाट काळी जमीन, घाटावर उघडें पठार, आणि मधल्या उतारांवर साग, सालई, धावडा, अंजन यांचें जंगल. एका प्रहरांत दोन्ही रानें पायांखालून जातात.

गेल्या फाल्गुनांत या दोन्ही रानांकडे एका निराळ्याच दृष्टीनें पाहण्याचा योग आला. माझा पुतण्या बरींच वर्षें अमेरिकेंत असतो. तो महिनाभर घरीं आला, तो सोबत प्लॅस्टिकच्या दहा-बारा चकत्या घेऊनच. त्याचा हा खेळ ‘डिस्क गोल्फ’ या नांवानें तिकडे प्रसिद्ध आहे. चेंडू व दांडा यांच्या जागीं चकती व हात, आणि जमिनींतील खळग्याच्या जागीं खांबावर बसविलेली साखळ्यांची टोपली. ठराविक जागेवरून चकती फेकावयाची, ती पडेल तेथून पुढची फेक करावयाची, आणि शेवटीं ती साखळ्यांवर आदळून टोपलींत पडली कीं एक टप्पा पुरा होतो. असे बहुधा अठरा टप्पे असतात. सर्वांत कमी फेकींत जो ते पुरे करील तो विजयी. एड हेड्रिक नांवाच्या गृहस्थानें १९७५ सालीं लॉस एंजलिसजवळच्या ओक ग्रोव्ह उद्यानांत याचें पहिलें कायमचें मैदान आंखलें. आरंभीं लक्ष्य म्हणून नुसते खांब होते. १९७६ मध्यें खेळाडूंचा संघ निघाला व १९७७ मध्यें साखळ्यांच्या टोपलीचें पेटंट झालें. श्रीविष्णूचें सुदर्शन काम आटोपून आपण होऊन परत येतें; या चकतीमागें मात्र खेळणाऱ्यालाच चालावें लागतें, आणि व्यायाम घडतो तो यांतच.

या खेळांत एक वाद फार दिवसांचा आहे. मैदान झाडींत आंखावें कीं मोकळ्यांत? प्रथमदर्शनीं हा केवळ आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. परंतु कोणत्या गुणाची परीक्षा घ्यावयाची, हाच मूळ प्रश्न त्यांत आहे. ज्याचा जन्म परीक्षा घेण्यांत गेला त्या माझ्यासारख्यास तो टाळतां येण्याजोगा नव्हता.

मोकळ्या मैदानाचा परीक्षक म्हणजे वारा. उजव्या हातानें, छातीसमोरून नेहमीच्या रीतीनें फेकलेली चकती घड्याळाच्या कांट्याप्रमाणें फिरत जाते व वेग मंदावला कीं डावीकडे झुकते. समोरून वारा असला तर तिच्यावरील हवेचा वेग वाढतो, आणि ती उजवीकडे कलंडूं पाहते. पाठीमागून वारा असला तर ती लवकर खालीं बसते व लवकर डावीकडे वळते. म्हणून उघड्यावर खेळणाऱ्याच्या अंगीं शक्ति तर हवीच, पण वाऱ्याचा कल ओळखून चकती निवडण्याची समजही हवी. वारा पडला म्हणजे मात्र ही परीक्षा फार सोपी होते. ज्याची फेक लांब, त्याचाच डाव. यावर तोड म्हणून दोर लावून सीमा आंखतात. अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा १९९९ पासून साउथ कॅरोलायनांतील रॉक हिल येथील विन्थ्रॉप विद्यापीठाच्या आवारांत जेथें होत आली, त्या मैदानाची ख्याति अशा दोरांमुळेंच आहे. चकती दोरापलीकडे पडली कीं एक फेक दंड. पण वीतभर गवत अलीकडचें व वीतभर पलीकडचें यांत निसर्गतः भेद कांहींच नसतो; भेद असतो तो दोर ताणणाऱ्याच्या मनांत.

झाडीचा परीक्षक म्हणजे वाट. दोन खोडांमधील फटींतून, फांद्यांच्या खालून, नेमक्या उंचीनें व नेमक्या वळणानें चकती गेली पाहिजे. तेथें दंडाच्या जोरापेक्षां मनांतील आंखणी अधिक कामास येते. आक्षेप असा कीं, तेथें दैवाचा हात फार. चार बोटें चुकलेली एक चकती खोडावर आदळून वाटेवरच परत येते, तर तितकीच चुकलेली दुसरी झुडपांत शिरते. हा आक्षेप खरा. परंतु तो झाडांवर नसून आंखणाऱ्यावर आहे. फट किती रुंद असावी हें ती किती अंतरावर आहे यावरून ठरलें पाहिजे. लांबची फट अरुंद ठेवली, किंवा चाळणीसारखीं कोठेंही झाडें ठेवून कोणतीच सरळ वाट राखली नाहीं, तर त्या मैदानांत कुशल व अकुशल सारखेच ठरतात. न शिकविलेल्या भागावर प्रश्न काढणाऱ्या परीक्षकाइतकाच हा आंखणाराही दोषी होय.

कांहीं ठिकाणीं अमुक झाडाच्या अमुक बाजूनेंच चकती गेली पाहिजे असा निर्बंध असतो. चुकीच्या बाजूनें गेल्यास दंड होतो. हें ऐकून मला रघुवंशांतील दिलीप राजाची आठवण झाली. सुरभीला प्रदक्षिणा घालण्याचें त्याच्याकडून राहिलें आणि संततीसाठीं त्याला नंदिनीची सेवा पत्करावी लागली. पुतण्या हंसून म्हणाला, “काका, आमच्याकडे इतका दंड नसतो, एका फेकीवर भागतें.”

दोन्ही गुणांची परीक्षा एकाच स्पर्धेंत घेतां येते, याचें उदाहरण व्हरमाँट प्रांतांतील स्मगलर्स नॉच हें होय. तेथें फॉक्स रन मेडोज व ब्रूस्टर रिज अशीं दोन मैदानें एकाच डोंगरी स्थळीं आहेत. पहिलें बरेंच मोकळें, दुसरें दाट झाडींतलें. २०१८ व २०२३ या दोन्ही सालीं जागतिक अजिंक्यपदाची स्पर्धा तेथें झाली. एकट्या दंडाच्या किंवा एकट्या नजरेच्या बळावर तेथें निभावत नाहीं.

असें मैदान आपल्या जिल्ह्यांत कोठें होईल, हें पाहण्यासाठीं आम्ही फिरावयास निघालों. बुलढाण्याहून खामगांवकडे जातांना बोथ्याचा घाट लागतो. रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यांतून जातो. सागाचीं पानें गळून गेलीं होतीं, पळस लाल झाला होता, आणि पावसाळ्यांत जेथें दहा हातांपुढचें दिसत नाहीं तेथें या टेकडीवरून त्या टेकडीपर्यंत दृष्टि जात होती. येथें एक गोष्ट ध्यानांत आली. फिनलंडांत हा खेळ फार लोकप्रिय आहे व तेथील पाइन आणि स्प्रूसचीं रानें बारमहा हिरवीं असतात. आपलें रान पानझडीचें. श्रावणांत जें झाडीचें मैदान, तें फाल्गुनांत निम्मेंअधिक मोकळें. तेथें वाट आंखावयाची तर पानांवर भरंवसा ठेवून चालणार नाहीं. खोडांवरच ठेवला पाहिजे.

पुतण्या बराच वेळ त्या खोडांच्या रांगांकडे पाहत राहिला. “काका, येथें अठरा टप्पे काय सुरेख बसतील!” मीं त्याला त्या वाघाची गोष्ट सांगितली. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या जंगलांत जन्मलेला एक तरुण वाघ २०१९ सालीं निघाला. गळ्यांतील रेडिओ-पट्ट्यामुळें त्याचा माग लागत होता. शेतें, रस्ते, नद्या ओलांडीत, तेलंगणांतही जाऊन येत, तेराशे किलोमीटरांहून अधिक चालून तो या ज्ञानगंगेंत येऊन पोंचला. इतकीं उघडीं रानें तुडवून त्याला टेकावयास मिळालें तें सुमारें दोनशेंपांच चौरस किलोमीटरांचें हें रान. तेथें चकत्या घेऊन आपण शिरावें काय? पुतण्यानें पुन्हां तो विषय काढला नाहीं.

दुसऱ्या दिवशीं लोणारास गेलों. उल्केच्या आघातानें झालेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाचें आहे. कांठावर उभें राहिलें कीं पाठीशीं मोकळें पठार व भणाणता वारा, पुढें उतारावर झाडी, आणि तळाशीं खारें पाणी. झाडीचें व मोकळें यांची इतकी रेखीव आंखणी मनुष्याच्या हातून झालेली मीं पाहिली नाहीं. परंतु हेंही अभयारण्य. २०२० पासून रामसर करारान्वयें आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. त्या पाण्यांत गेलेली प्लॅस्टिकची चकती कोण काढणार? पिशवीचें तोंड आम्हीं सोडलेंच नाहीं.

राहिलें आमच्या गांवचें गायरान. घाटावरचें, पश्चिमेच्या वाऱ्यास उघडें, एका कडेला जुने सात कडुनिंब, थोड्या बाभळी व एक वड. तरुण मंडळींचा बेत असा कीं, निंब तोडून जमीन सपाट करावी, म्हणजे क्रिकेटचें मोठें मैदान होईल. मुलांना खेळावयास जागा हवी हें मला पुरतें मान्य आहे. परंतु त्या झाडांसही मी खेळाचें साहित्यच समजतों. विटीदांडूस मोकळी जागा लागते, तर सूरपारंब्यांस वड लागतो. आमच्या लहानपणीं एकाच गायरानावर दोन्ही होत.

पुतण्यानें बांबूच्या सहा टोपल्या खांबांना बांधल्या. तीन उघड्यावर, तीन निंबांच्या आड. गांवचीं नऊ मुलें-मुली खेळलीं. उघड्यावर जो सर्वांच्या पुढें होता तो दांडगा मुलगा निंबांत चौथा आला. तेथें पुढें गेली ती सातवींतील एक मुलगी. तिची फेक लांब नव्हती, पण फट कोठें आहे हें ती आधीं पाहत असे. उघड्यावर ती शेवटून दुसरी होती. झाडें नसतीं तर तिची गणना मागच्यांतच झाली असती, आणि आपल्यालाही कांहीं येतें हें तिला कळण्यास कारणच उरलें नसतें. शाळेंत एकाच रीतीच्या परीक्षेमुळें मागें पडलेलीं अशीं किती मुलें मीं पाहिलीं आहेत!

निंबांचा विषय आतां ग्रामसभेपुढें येणार आहे. निकाल काय लागेल तें सांगतां येत नाहीं. माझें म्हणणें मीं लिहून दिलें आहे. क्रिकेटची जागा मधल्या मोकळ्या भागांत पुष्कळ आहे. तेथें एकही झाड लावूं नये. सात निंब राखावे. पश्चिमेच्या बांधास करंज व निंब यांची रांग लावावी, म्हणजे वारा अडेल. तिच्या आंतल्या बाजूस थोडीं झाडें दूर दूर लावावीं, मुलांनीं उभें राहून वाट पाहावी आणि मगच खड्डा घ्यावा. पुतण्या परत गेला. सहांपैकीं चार टोपल्या अजून खांबांवर आहेत, दोन शेळ्यांनीं पाडल्या. रोपांभोंवतीं बाभळीच्या कांट्यांचें कुंपण प्रथम हवें, हेंही मीं अर्जांत शेवटीं जोडलें आहे.