पांढरीतला मणी आणि पॉम्पेईची बाई

आज एक चूक कबूल करायची आहे. माझीच आहे.

सहावीच्या इतिहासात ‘प्राचीन भारत आणि जग’ हा पाठ आहे. तीन वर्षांपूर्वी मी तो शिकवत होतो. फळ्यावर नकाशा, रोमकडे जाणारे बाण, मसाले, कापड, सोन्याची नाणी, सगळं रीतसर चाललं होतं. एवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “सर, हे वावरात सापडलं.” तळहातावर तांबडा, गुळगुळीत मणी. मधून आरपार भोक. मी म्हणालो, “बस खाली, पाठ संपू दे.” पाठ संपला, घंटा झाली, मी मणी विसरलो. पाठ कशाचा चालला होता, ते पुन्हा एकदा वाचा म्हणजे माझी अडचण कळेल.

त्या दिवाळीच्या सुट्टीत बहिणीकडे धाराशिवला गेलो होतो, तेव्हा तेर पाहिलं. तेर म्हटलं की आपल्याला गोरोबाकाका आठवतात. तिथलं वस्तुसंग्रहालय मला माहीत नव्हतं. रामलिंगप्पा लामतुरे यांचं नाव त्याला आहे. हे कोणी विद्यापीठातले प्राध्यापक नव्हते, तेरचेच रहिवासी होते. गावच्या पांढरीत, शेतात, पावसाने उघडं पडलेलं जे जे मिळेल ते त्यांनी वर्षानुवर्षं गोळा केलं. तिथे काचेमागे मण्यांची रांग होती. तसाच तांबडा रंग, तसंच भोक. माझ्या पोटात खड्डा पडला.

त्याच संग्रहात एक छोटी हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. अंगावर दागिनेच दागिने. आता तिची बहीण कुठे आहे माहीत आहे? इटलीत, नेपल्सच्या संग्रहालयात. इ. स. 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखी फुटला आणि पॉम्पेई शहर राखेखाली गाडलं गेलं. 1938 मध्ये तिथल्या एका घराच्या अवशेषांत सुमारे वीतभर उंचीची भारतीय हस्तिदंती मूर्ती मिळाली. मधे ती बाई आणि दोन बाजूंना दोन छोट्या दासी. लोक तिला ‘पॉम्पेईची लक्ष्मी’ म्हणतात, पण ती यक्षी असावी असं अनेक अभ्यासक मानतात. तिच्या डोक्यातून खाली भोक पाडलेलं आहे, त्यामुळे ती आरशाची मूठ असावी असाही तर्क आहे.

आधी सगळे म्हणायचे, ही मथुरेची. मग 1973 मध्ये आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी उत्खनन केलं. तिथे मिळत्याजुळत्या हस्तिदंती मूर्तीचे अवशेष निघाले. डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर यांनी भोकरदनच्या आणि तेरच्या मूर्ती पॉम्पेईच्या बाईशेजारी ठेवून पाहिल्या आणि मांडलं की ती इकडची, भोकरदनची असावी. भोकरदन म्हणजे जुनं भोगवर्धन. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या लेखांत या गावाचं नाव आहे.

वर्गात सांगताना इथे थोडं सांभाळा. पॉम्पेईच्या मूर्तीवर खरोष्ठी लिपीतलं अक्षर आहे, आणि खरोष्ठी ही वायव्येकडची लिपी. आपल्याकडे ब्राह्मी चालायची. म्हणजे वाद मिटलेला नाही. मी मुलांना दोन्ही बाजू सांगतो. “आपलीच आहे” एवढं सांगून टाळ्या घेणं सोपं असतं, पण मग विचार करायला काही उरत नाही.

वाट मात्र पक्की ठाऊक आहे. पहिल्या शतकाच्या सुमाराला कोणा अनामिक माणसाने ग्रीक भाषेत व्यापाराची माहितीवही लिहिली, ‘पेरिप्लस’. तीत पैठण आहे आणि तगर, म्हणजे तेरही आहे. भडोचहून पैठण वीस दिवसांवर आणि तगर तिथून आणखी दहा दिवसांवर. पैठणचे मौल्यवान दगड आणि तगरचं कापड गाड्यांतून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. तिथून जहाजाने तांबड्या समुद्राकडे. गाडी म्हटल्यावर माझी पोरं लगेच हिशेब करायला लागली : बैल दिवसाला किती चालेल, चारा किती लागेल, पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतलं तर? गोदाकाठची पोरं ती. तो तास मी घेतलाच नाही, त्यांनीच घेतला.

पण मणी? सुट्टीनंतर त्या मुलाला विचारलं. “सर, तुम्ही काही बोलला नाहीत, मग गोट्या खेळताना हरवला.” मी त्याच्यासोबत वावरात गेलो. गावाबाहेरचं पांढरीचं टेकाड निम्मं उरलं होतं. त्याचे आजोबा म्हणाले, “गुरुजी, ती माती घराला अन् वावराला लई चांगली. यंदा ट्रॅक्टरनं चाळीस खेपा नेल्या.” त्यांना काय बोलणार? आपल्या बापजाद्यांनीही धाब्याच्या घरांवर हीच पांढरी माती टाकली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, आणि ज्याने सांगायचं तो पाठ संपवायच्या घाईत होता.

आता वर्गात एक दोनशे पानी वही आहे. काही सापडलं की त्यात वस्तूचं चित्र, कोणाचं वावर, बांधापासून किती पावलं, तारीख आणि सापडणाऱ्याचं नाव. पट्टी शेजारी ठेवून फोटो. खोदायचं नाही, धुवायचं नाही, विकायचं तर नाहीच. विशेष वाटलं तर ग्रामपंचायतीमार्फत तहसीलला कळवतो. बहुतेक खापरं असतात, एकदा तर कौलाचा तुकडा निघाला आणि आम्ही खूप हसलो. पालकहो, पोरगं खिशात दगड घेऊन आलं तर फेकून देऊ नका, आधी मला दाखवा.

तो मुलगा आता नववीत आहे, दुसऱ्या शाळेत. मागच्या महिन्यात बाजारात भेटला. म्हणाला, “सर, पाऊस झाल्यावर मी टेकाडावर जातो बरं का. अजून तसला सापडला नाही.” वहीचं पहिलं पान मी त्याच्यासाठी ठेवलंय. मण्याचं चित्र त्यानेच आठवून काढून दिलं.