आधी शब्द, मग औषध

ताप, खोकला, पित्त हे शब्द तुम्हाला घरातच मिळतात, म्हणून डॉक्टरांना त्रास सांगता येतो. पण "मला मुलगा म्हणून वाढवलं, आतून मात्र मी मुलगी आहे," हे सांगायला चाकणच्या कंपनीत शिफ्ट करणाऱ्या पोराने शब्द आणायचे कुठून? त्याच्या कानावर फक्त शिव्या पडलेल्या असतात.

हे शब्द आमच्या वैद्यकीय पुस्तकांतून आले नाहीत. या लोकांनी एकत्र येऊन ते स्वतः छापले. अमेरिकेत व्हर्जिनिया प्रिन्स यांनी १९६० साली स्त्रीवेष आवडणाऱ्या पुरुषांसाठी 'ट्रान्सवेस्टिया' हे नियतकालिक सुरू केलं. मुंबईत १९९० मध्ये अशोक राव कवी यांचं 'बॉम्बे दोस्त' आलं. ते मुख्यतः समलिंगी पुरुषांचं होतं, पण लपून जगणाऱ्या अनेकांना त्यातून सोबत मिळाली. पुण्यात २००२ साली बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट उभारला आणि या विषयावर सोप्या मराठीत पुस्तकं लिहिली. २०१२ मध्ये लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचं 'मी हिजडा, मी लक्ष्मी!' हे आत्मकथन आलं.

वैद्यकशास्त्र मागून आलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या यादीत ट्रान्सजेंडर असणं मानसिक आजारांमध्ये धरलेलं नाही. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवड महापालिकेने तृतीयपंथीयांना सुरक्षारक्षक म्हणून कामावर घेतलं.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. साडी नेसावीशी वाटणारा प्रत्येक पुरुष ट्रान्सजेंडर नसतो. आणि दोन्हीपैकी काहीही आजार नाही, त्यामुळे लग्न लावून देणं हा त्यावरचा 'उपाय' नाही. त्यात आणखी एका मुलीचं आयुष्य भरडलं जातं.

आजार होतो तो लपवण्यातून. कुणाला विचारायची सोय नसली, की मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून मनानेच घेतल्या जातात. मी हे पाहत आलो आहे. अशा गोळ्यांमधल्या इस्ट्रोजेनमुळे रक्तात गुठळी होऊ शकते. सिगारेट ओढणाऱ्यांना धोका जास्त. एका पायाला अचानक सूज आली, छातीत दुखलं किंवा दम लागला, तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा आणि गोळ्यांबद्दल स्पष्ट सांगा. हार्मोन घ्यायचेच असतील, तर रक्ततपासणी करून, एंडोक्रिनॉलॉजिस्टच्या देखरेखीखालीच घ्या.

आईवडिलांनो, तुमचं मूल असं काही सांगू लागलं, तर आधी पूर्ण ऐकून घ्या. ते शब्द जुळवायला त्याला कित्येक वर्षं लागलेली असतात.