चौकच्या टेकडीवरून एक चौकशी

मुंबईच्या माणसाला धारावी कोठे असे विचारले, तर तो शीव-माहीमच्या बाजूला बोट दाखवील. वसईच्या मोहिमेत जिच्यासाठी माणसे पडली ती धारावी मात्र वेगळी. भाईंदर स्टेशनाच्या पश्चिमेला उतरावे आणि चौकची बस पकडावी. मुर्धा, राई, मोर्वा अशी गावे मागे टाकीत, मिठागरांच्या कडेकडेने ती डोंगरीकडे चढते, उत्तनला माणसे उतरविते आणि चौकला येऊन दम टाकते. पुढे रस्ताच नाही. एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. वस्ती बहुतेक ख्रिस्ती कोळ्यांची. क्रुसावर झेंडूची माळ आणि शेजारी बांबूंवर ताणलेल्या दोऱ्यांना लटकलेले बोंबील, असा इथला थाट. नवखा माणूस पहिली पाच मिनिटे नाकाला रुमाल लावतो, मग विसरतो.

या साऱ्या बेटालाच पूर्वी धारावी बेट म्हणत. चौकच्या टेकडीवर जंजिरे धारावी नावाचा किल्ला होता; आज त्याचा बुरूज आणि थोडी तटबंदी एवढेच उरले आहे, आणि चिमाजी आप्पांचे स्मारक तिथे झाले आहे. किल्ला म्हणून पाहायला येणाऱ्याची निराशाच व्हायची. पण तटापाशी उभे राहून उत्तरेकडे पाहिले, की ही उजाड टेकडी दोन सत्तांना इतकी का हवी होती, हे पुस्तक न उघडता कळते. खाडीपलीकडे वसईचा कोट दिसतो आणि खाडीचे तोंड पायाखाली असते. इथे ज्याच्या तोफा, त्याच्या परवानगीवाचून वसईला दाणागोटा पोचणे कठीण. म्हणूनच १७३७ साली मोहीम सुरू झाल्यापासून ही जागा या हातातून त्या हातात गेली. १७३९ च्या मार्चमध्ये ती मराठ्यांनी कायमची घेतली आणि मे महिन्यात वसई पडली.

आमच्या महाविद्यालयातल्या मुलांना घेऊन मी इथे आलो होतो. चिमाजी आप्पा, वसईचा वेढा, पोर्तुगीजांचा पाडाव, सगळे यथासांग सांगून झाले. तेव्हा एक विद्यार्थी म्हणाला, "सर, त्यांच्या हातातल्या तलवारी कुणी घडवल्या होत्या?" या मुलाला जपानी तलवारींचे वेड. शंभरेक वर्षांपूर्वीच्या एखाद्या अप्रसिद्ध जपानी लोहाराचा माग लोक कसा काढतात, हे त्याने वाचलेले होते. तसाच माग आपल्या तलवारींचा काढता येईल, अशी त्याची सरळ समजूत. उत्तर एका वाक्यात देण्यासारखे नव्हते. म्हणून हा लेख.

जपानी तलवारीची सोय अशी, की तिची मूठ बांबूच्या एका छोट्या खुंटीने अडकविलेली असते. खुंटी ठोकून काढली की मूठ निघते आणि आतला लोखंडी दांडा उघडा पडतो. त्या दांड्यावर लोहार छिन्नीने आपले नाव कोरतो, पुष्कळदा गावही. दुसऱ्या बाजूला वर्ष-महिना. पाते आरशासारखे लखलखीत ठेवतात, पण दांड्यावरचा गंज कोणी घासत नाही, कारण त्या गंजाच्या रंगावरूनच वय ओळखतात. नाव धन्याला रोज दिसत नाही, जगाला तर कधीच नाही; पण ते तिथे असते. मग नाव कितीही अनोळखी असो, जुन्या याद्या चाळायच्या, त्याच हाताची दुसरी पाती शोधायची, अक्षराचे वळण ताडून पाहायचे.

हा धंदा तिथेही सुखाने चालला असे नाही. १८७६ साली सरकारने सामुरायांना तलवार बाळगण्याची बंदी केली आणि पुष्कळ लोहार विळे-सुऱ्यांकडे वळले. तरीही १९०६ साली गास्सान सादाकाझु आणि मियामोतो कानेनोरी या दोघा लोहारांना बादशहाच्या दरबाराने मानाचे कारागीर म्हणून नेमले. पुढे लष्कराची मागणी वाढली, तेव्हा जुन्या पद्धतीने घडविलेल्या पात्यांबरोबर घाऊक मालही निघाला. १९४५ च्या पराभवानंतर तलवारी जप्त झाल्या आणि घडविणेही थांबले. १९५३ पासून परवान्याने पुन्हा सुरू झाले. आज परवानाधारक लोहाराने महिन्याला दोनच लांब तलवारी कराव्यात असा नियम आहे, आणि त्या दोन्हींवर त्याचे नाव असते.

आता आपल्याकडे वळू. मराठ्यांच्या हातातल्या सरळ, लांब पात्याच्या तलवारीला 'फिरंग' म्हणत. नावातच तिचे कूळ आहे. ही पाती जर्मनी, इटली, स्पेन इकडली. पोर्तुगीजांच्या आणि इतरांच्या गलबतांतून ती किनाऱ्यावर उतरत. आपल्याकडे त्यांना मूठ बसे. लंडनच्या राजसंग्रहात कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या सुमारास गेलेली जी तलवार आहे, तिच्या पात्यावर येशूच्या नामाची 'आय. एच. एस.' ही अक्षरे आहेत. हिंदवी स्वराज्याच्या छत्रपतींच्या घराण्यात ही मुद्रा पाहून कोणी दचकण्याचे कारण नाही. पोलाद चांगले असेल तर त्याचा धर्म विचारण्याइतके आपले पूर्वज भाबडे नव्हते. धारावीच्या तटावर आणि तटाखाली झुंजणाऱ्या दोन माणसांची पाती एकाच परमुलखातल्या पेठेतून आली असण्याचाही पुरेपूर संभव आहे.

मग त्या पात्यांवर नावे नसतात काय? असतात, आणि तीच फसवितात. आंद्रेआ फेरारा हे एका इटालियन कारागिराचे नाव. पण ते इतके खपू लागले, की तो मेल्यावरही पिढ्यान् पिढ्या भलत्याच भट्ट्यांतल्या पात्यांवर उमटत राहिले. धावत्या लांडग्याचा छाप पासाऊ गावचा. तो झोलिंगेनवाल्यांनी उचलला. जिनोव्हाच्या पात्यांवरील कोयत्यासारख्या खुणेची नक्कल तर हिंदुस्थानातही झाली. म्हणजे नाव आहे, पण ते त्या हाताचे असेलच असे नाही. आणि मुठीत काही शोधू म्हटले, तर आपली मूठ खुंटीने नव्हे, लाख-राळ ओतून बसविलेली. ती तापवून सोडविल्याशिवाय दांडा दिसत नाही. आणि विलायती पाते असेल तर लांब दांडा पुष्कळदा तोडूनच मूठ बसविलेली असते.

धन्याचे नाव मात्र सोन्यात! नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची म्हणून ओळखली जाणारी तलवार महाराष्ट्र शासनाने २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनच्या लिलावात सुमारे ४७ लाख रुपयांना घेतली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईला आली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरांत 'श्रीमंत रघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग' असे लिहिलेले आहे. धनी कळला, हुद्दा कळला, पात्याची जातही कळली. पाते विलायती, मूठ मुल्हेरी घाटाची, तिच्यावर सोन्याची कोफ्तगरी. ती मूठ ज्याने घडविली, सोन्याची तार ज्याने ठोकून बसविली, त्याचा शब्दसुद्धा नाही. वर्तमानपत्रांनी किंमत छापली, मिरवणूक छापली. त्याची विचारपूस माझ्या तरी वाचनात आली नाही.

तो एकटा नव्हे. पात्याला पाणी देणारा, धार लावणारा, जिल्हई करणारा शिकलगार हा आपल्या लष्कराचा कणा. पात्याची घासाई करणारा तो 'सैकलगर', त्याचा आपण शिकलगार केला. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र घडविणे आणि विकणे हा गुन्हा ठरला. जपानी बंदीच्या अवघ्या दोन वर्षांनंतरची ही गोष्ट. तिथे कारागिराला दरबारी मान मिळाला. इथे शिकलगार चाकू-कात्र्यांना धार लावीत गावोगाव फिरू लागला. त्याच्या घराण्याकडून आपण ना पोलादाची कृती लिहून घेतली, ना नावे.

टेकडीवरून उतरताना एका ओट्यावर म्हातारे कोळीबाबा कोयता परजीत बसले होते. त्या मुलाने त्यांनाही सोडले नाही. "बाबा, हा कोयता कुणी केला?" म्हाताऱ्याने लोहाराचे नाव सांगितले, त्याच्या बापाचे सांगितले, दुकान कोठे होते तेही सांगितले, आणि वर, "त्याच्या पोरानं धंदा सोडला, आता विकतचे येतात, दोन महिन्यांत वाकतात," असे स्वतःहून जोडले. मुलाने ते सगळे वहीत टिपून घेतले.

मला वाटते, संग्रहालयांनाही एवढे करता येईल. जुन्या मुठीतली राळ कधी ना कधी सुटते आणि पाते दुरुस्तीला निघते. तेव्हा पुन्हा राळ ओतण्याआधी दांड्याचे दोन्ही बाजूंनी छायाचित्र घ्यावे आणि नोंदवहीत धन्याच्या रकान्याशेजारी घडविणाऱ्याचा एक रकाना आखावा. पहिली काही वर्षे तो कोराच राहील. पण दहा मुठी सुटल्या की एखाद्या दांड्यावर खूण सापडेल, आणि ती दुसरीशी जुळवायला निदान दुसरी जपून ठेवलेली असेल.