कुरुंदवाडची यष्टी

मुलांनो, कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्वेला, शिरोळ तालुक्यात कुरुंदवाड आहे. गाव तसं लहान, पण मान मोठा! पटवर्धनांच्या संस्थानाची ही राजधानी. जवळच कृष्णा-पंचगंगेचा संगम आणि पंचगंगेच्या पलीकडे नरसोबाची वाडी. इथं आगगाडी येत नाही. ती पकडायला जयसिंगपूर गाठावं लागतं. मग माणसं प्रवास करतात कशी? अहो, यष्टीनं!

१९४८ साल लक्षात ठेवा. त्या वर्षी मार्च महिन्यात कुरुंदवाड संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, आणि १ जूनला पुणे-अहमदनगर मार्गावर सरकारी एसटीची पहिली गाडी धावली. लाकडी सांगाड्याच्या त्या गाडीत बसायला काथ्याच्या गाद्या होत्या. १९६० साली महाराष्ट्र राज्य झालं आणि एसटी महाराष्ट्राची झाली.

आज कुरुंदवाडला एसटीचं स्वतःचं आगार आहे. गाड्या राहतात, धुतल्या जातात, दुरुस्त होतात, ती जागा म्हणजे आगार. वाडीला दत्तदर्शनाला, शिरोळला कचेरीच्या कामाला, इचलकरंजीला बाजाराला, खिद्रापूरला कोपेश्वराचं कोरीव देऊळ बघायला लोक निघतात, ते या गाड्यांच्या भरवशावर.

यातली गंमत असते मुक्कामी गाडीची. संध्याकाळी ती शेवटच्या गावी जाते. ड्रायव्हर-कंडक्टर तिथंच झोपतात आणि सकाळी पहिली फेरी घेऊन परत निघतात. या फेरीला दप्तरंच दप्तरं! बारावीपर्यंतच्या मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत मिळतो, तर मुलांना भाड्याच्या एक-तृतीयांश पैशांत. गावात सातवीपर्यंतच शाळा असेल, तर पुढचं शिक्षण या गाडीवरच अवलंबून असतं. गाडी चुकली की शाळा बुडते, आणि गाडी बंदच झाली तर? तर एखाद्या मुलीची शाळा कायमची सुटू शकते.

तसे दिवस आलेही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरात दोन्ही नद्या रस्त्यांवर आल्या. पाण्यातून गाडी कशी जाणार? २०२१ च्या अखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत राज्यभर कर्मचाऱ्यांचा संप चालला. आपला पगार आणि नोकरी यांसाठी ते झगडत होते. पण त्या काळात खेड्यापाड्यांतल्या मुलांना पायपीट करावी लागली. रोजच्या लाल गाडीची खरी किंमत तेव्हा कळली.

दोस्तांनो, शहरात एक बस गेली तर रिक्षा मिळते. नदीकाठच्या गावात पुढची गाडी कधी कधी दोन तासांनी असते. म्हणून गाडीच्या आसनावर ब्लेडनं नाव कोरणारा कुणी दिसला, तर त्याला जरूर सांगा, "गड्या, ही गाडी माझी शाळा आहे!"