उडीत कट नको

रंगमंचावरचा नाच कॅमेऱ्यात घेताना पहिला बळी पायांचा जातो. नर्तिकेचा चेहरा बोलका असला की क्लोजअपचा मोह आवरत नाही, आणि नाच फ्रेमबाहेर राहतो. नृत्यप्रयोगांच्या संकलनात माझी बरीच वर्षं गेली. शिकायला येणाऱ्यांना मी आधी ‘जिझेल’ दाखवते. आदोल्फ आदांच्या संगीतावरचा हा शोकान्त बॅले १८४१ साली पॅरिसमध्ये रंगमंचावर आला.

१९५६ साली मॉस्कोचं बोल्शॉय बॅले पहिल्यांदा लंडनला आलं, तेव्हा पॉल त्सिनर यांनी गालिना उलानोवांची जिझेल चित्रित केली. नाच सलग राहावा म्हणून एकाच वेळी अनेक कॅमेरे चालवले. उलानोवा तेव्हा ४६ वर्षांच्या होत्या आणि भूमिका होती खेड्यातल्या कोवळ्या पोरीची. तिच्यावर भाळलेला तरुण वेश बदलून आलेला सरदार आल्ब्रेख्त निघतो, त्याचं लग्नही ठरलेलं असतं. जिझेलचं भान सुटतं. केस मोकळे, हातात नसलेल्या फुलाच्या पाकळ्या ती एकेक करून तोडते. मघाशी प्रेमाचा कौल तिने खऱ्या फुलावर लावला होता. आदांच्या संगीतातही मघाच्याच सुरावटी तुकड्या-तुकड्यांनी परत येतात. पाय जुनी पावलं आठवू पाहतात आणि मध्येच विसरतात. इथे कमरेवरचा शॉट लावला तर चेहऱ्यावरचं दुःख मिळतं, पण पायांचं ते विसरणं हातचं जातं. माझ्या मते या प्रवेशाचा प्राण त्या विसरण्यातच आहे.

दुसरा अंक संकलकाची खरी परीक्षा घेतो. लग्नाआधीच मेलेल्या मुली, म्हणजे विली, रात्री रानात सापडलेल्या पुरुषाला मरेपर्यंत नाचवतात. एक पाय मागे ताणून, दुसऱ्यावर छोट्या उड्या घेत त्यांच्या रांगा दोन बाजूंनी येतात आणि एकमेकींतून आरपार जातात. इथे कॅमेरा उंचावर, लांब आणि स्थिर हवा. एकेकीचा चेहरा दाखवू लागलो की त्या पुन्हा साध्या मुली होतात, आणि त्यांची दहशत संपते. बुटांच्या कडक टोकांचा जमिनीवरचा आवाज ध्वनिमुद्रणात येतो. पुष्कळ जण तो पुसून टाकतात. मी थोडा ठेवते. नाचणाऱ्या देहाला वजन असतं.

मग आल्ब्रेख्तची पाळी. अनेक सादरीकरणांत तो एकाच जागी, हवेत पावलं झपाझप आलटून-पालटून घेत, उडीमागून उडी घेतो. उडीबरोबर कॅमेरा वर उचलला की उडी बुटकी दिसते, कारण माणूस आणि चौकट दोन्ही बरोबरच वर जातात. जमीन फ्रेममध्ये हवी, उठणं आणि उतरणं एकाच शॉटमध्ये हवं. आणि उड्यांच्या त्या मालिकेत कट अजिबात नको. कट आला की पाहणाऱ्याला नकळत वाटतं, गड्याला दम खायला मिळाला. त्याचा दम संपत चाललाय हे दिसलं नाही, तर पहाट होईपर्यंत त्याला जगवू पाहणाऱ्या, आता मरून स्वतःच विली झालेल्या जिझेलची धडपड पोकळ ठरते.

सुट्टीत ‘जिझेल’चं एखादं चित्रण मिळालं तर मोबाइलवर पाहू नका. दुसरा अंक मिळेल तेवढ्या मोठ्या पडद्यावर, मध्ये न थांबवता पाहा, आणि आल्ब्रेख्तच्या उड्या सुरू झाल्या की कट मोजा.