खडबडीत पृष्ठांची भूमिति

भूमितीच्या तासास आम्ही फळ्यावर जी रेषा काढतों ती सरळ असते, जें वर्तुळ काढतों तें निर्दोष असतें. परंतु शाळेचें फाटक ओलांडलें कीं अशी रेषा सृष्टींत कोठेंच दिसत नाहीं. डोंगराची कड दंतुर, दगडाचें अंग खडबडीत, समुद्राचा किनारा वेडावांकडा. मग ही विद्या काय कामाची, असें आमचे विद्यार्थी वरचेवर विचारतात. प्रश्न रास्त आहे.

बेन्वा मँडेलब्रॉट या गणितज्ञानें १९६७ सालीं एका निबंधांत विचारलें, ब्रिटनचा किनारा किती लांब? लांब काठीनें मोजल्यास लहान खांचा सुटतात. आंखूड काठी घेतली कीं त्या मोजणींत येतात आणि लांबी वाढते. लांबीचें उत्तर एक नाहीं. पण ती कोणत्या प्रमाणांत वाढते, यास नियम आहे. त्यावरून किनाऱ्याची 'मिति' निघते. सरळ रेषेची मिति १, सपाट पृष्ठाची २. ब्रिटनच्या पश्चिम किनाऱ्याची सुमारें १.२५.

खडकास भेग पडली म्हणजे तिच्या दोन्ही अंगांस असेच दांते असतात, आणि ते एकमेकांत बसलेले असतात. वरचा खडक सरकण्यापूर्वीं त्यास त्या दांत्यांवर चढावें लागतें, नाहीं तर ते मोडावे लागतात. म्हणून खडबडीत भेग धरून ठेवते, गुळगुळीत सोडून देते. बार्टन व चौबे यांनीं १९७७ सालीं अशा भेगांचे दहा नमुने ठरवून त्यांस ० ते २० असे अंक दिले. बोगदे व धरणें बांधणारे इंजिनियर आजही भेगेची रेखा त्या नमुन्यांशीं ताडून पाहतात.

हें कशासाठीं, तें इटलींतील वायोंत येथें दिसलें. ता. ९ ऑक्टोबर १९६३ रोजीं रात्रीं तेथील धरणाच्या जलाशयांत डोंगराची प्रचंड कड घसरली. चुनखडीच्या थरांमध्यें चिकणमातीचे पातळ पदर होते, आणि मध्यें माती आली कीं दांत्यास दांता भिडत नाहीं. धरण उभेंच राहिलें. परंतु त्यावरून उसळलेल्या लाटेंत सुमारें दोन हजार माणसें बळी पडलीं.

विद्यार्थीमित्रहो, सरळ रेषेस कंटाळूं नका. वांकडें मोजण्यास काठी सरळच लागते. परमेश्वरानें डोंगर पट्टीनें आंखिले नाहींत, तरी त्यांत नियम ठेविला आहे. तो शोधणें आपलें काम. पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें खिशांत दगडगोटे भरून आणिले तर ते लागलींच बाहेर टाकूं नयेत.